तीन ठिपक्यांची वीट

१२ जानेवारी

सकाळीच पाडकामवाल्याचा फोन. हा मनुष्य जुन्या इमारती पाडतो. दारं, तुळया, फरशा विकत घ्यायला त्याच्याकडे रांग लागते. काचविटा मागणारा मात्र मी एकटाच, म्हणून त्याने माझं नाव 'काचकाका' ठेवलं आहे. म्हणाला, "काचकाका, जुनं सार्वजनिक न्हाणीघर पाडायला घेतलंय. आत अख्खी भिंत तुमच्या मालाची आहे. फुगीर, सहाकोनी."

चहा तसाच राहिला. चौकोनी, साच्यात दाबलेली वीट कुठेही मिळते. फुगीर सहाकोनी वीट म्हणजे माणसाने तोंडाने फुंकलेली, आणि तशा विटा आमच्याकडे एकाच कारखान्यात होत. माझे वडील तिथे फुंकणीवर होते. फुंकणीच्या टोकाला तापलेली काच घ्यायची, साच्यात धरून फुंकायची, फुंकणी सोडवायची, राहिलेल्या भोकावर पातळ काचेचा थेंब टाकायचा आणि तो मऊ आहे तोवर आपला शिक्का दाबायचा. वडिलांचा शिक्का तीन ठिपक्यांचा. मला मांडीवर घेऊन ते म्हणायचे, "प्रत्येक विटेत माझा एक श्वास बंद आहे बघ." मी शाळेत असतानाच ते खोकून खोकून गेले. त्यांचा फोटो नाही, चप्पल नाही, काही म्हणजे काही नाही. पण कुठल्या तरी भिंतीत त्यांचा श्वास नक्की आहे. नोकरीत असताना दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले, निवृत्त झाल्यापासून ही एकच गोष्ट शोधतो आहे.

बायकोला सांगितलं. तिने भांडी घासता घासता विचारलं, "अजून एक भिंत?"

"शेवटची," मी म्हणालो. ती हसली आणि हसता हसता खोकू लागली. तिला थोडा खोकला आहे. हवा बदलली आहे, त्यामुळे असेल.

१४ जानेवारी

न्हाणीघर पाहून आलो. छत उतरवलं होतं, आणि त्या भिंतीवर ऊन पडलं होतं. हिरवट, थोडी जाडीभरडी काच. मी टोपी काढली. पाडकामवाल्याच्या माणसांना त्याची मोठी गंमत वाटली.

बायकोलाही सोबत नेलं होतं, कारण मी विटा ओळखतो पण विटांचा खरा हात तिचा. एक वीट माणसाच्या हातून निसटून फरशीवर फुटली. बारीकसा 'सुस्स' आवाज आला. कुणाचा तरी इतक्या वर्षांचा श्वास सुटला! मी तसं म्हणालोही. बायको म्हणाली, "सुटत नाही हो. आत जातो. मागे माझ्या हातात एक तडकली होती ना, तेव्हा ओट्यावरची धूळ भसकन आत ओढली गेली."

मी तिला समजावलं की वीट फुंकून बंद केलेली असते, त्यामुळे हवा बाहेरच येणार. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला कधीच आवडलेलं नाही.

२३ जानेवारी

पहिला टेम्पो आला. हमाल फाटकापाशीच पेट्या टाकून गेले. माझा खांदा आखडलेला, त्यामुळे वर नेण्याचं काम बायकोवर आलं. मी जिन्यात उभा राहून सूचना दिल्या. ती म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाका तुम्ही." पण प्रत्येक फेरीला मधल्या वळणावर ती बराच वेळ टेकून उभी राहत होती. तिथे खालच्या मजल्यावरच्या बाईंचं दार आहे. गप्पांना वेळ-काळ नसतो, असं मी बोललो. तिने फक्त हात वर करून 'थांबा' अशी खूण केली.

२ फेब्रुवारी

काम जोरात सुरू. आमची पद्धत इथे एकदा लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल. स्वयंपाकघराला लागून बंद गॅलरी आहे, तिथे ओटा. बायको नाकाला फडकं बांधून बसते. आधी छिन्नी, मग छोटं ग्राइंडर, मग तारेचा ब्रश. जुना चुना आणि वाळू सुटली की काठावरचा शिक्का दिसतो. खिडक्या बंद, कारण धूळ उडाली की शेजारी ओरडतात. आणि पाण्याचा थेंब लावायचा नाही! हा माझा नियम आहे. शिक्क्याला केसाएवढी भेग असली तरी पाणी आत शिरतं, आतून काच कायमची दुधाळ होते. फार वर्षांपूर्वी एक चांगली वीट धुऊन मी घालवली होती. तेव्हापासून सगळं कोरडं. आतला श्वास जपायचा तर एवढं पथ्य पाळायलाच हवं.

संध्याकाळी ती गॅलरी झाडते, माझे आणि तिचे कपडे तिथेच झटकते. केसांवर धूळ बसून पांढरी होते आणि आरशात बघून म्हणते, "घ्या, आजच म्हातारी झाले."

७ फेब्रुवारी

तीन ठिपके नाहीत.

बायकोने बाकीच्या कारागिरांना नावं ठेवली आहेत. पानाचा शिक्का असलेला 'पानवाला'. चंद्रकोरीचा 'चंद्रवाला'. फुलीचा शिक्का नेहमी तिरका पडतो, तो 'आळशी'. आज म्हणाली, "आळशाच्या विटा सगळ्यात जास्त. म्हणजे आळशी मीच त्याला म्हणते, काम त्यानेच केलंय." मग म्हणाली, "मामंजींचा शिक्का सरळ असेल. तुमच्यासारखा. उशीसुद्धा सरळ लागते."

१५ फेब्रुवारी

एक जुना जिन्नस विकणारा घरी आला होता. त्याच्या पिशवीत एक वीट, आणि तिच्यावर तीन ठिपके! मला खुर्चीवर बसावं लागलं. बायकोने वीट घेतली, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि परत दिली. "हे नंतर कोरलंय. टोचतंय. मऊ काचेवर दाबलेल्या खुणेच्या कडा गोल असतात, लिमलेटच्या गोळीसारख्या." विकणारा आधी चिडला, मग ओशाळला, मग चहा पिऊन गेला. बायकोचा अंगठा म्हणजे प्रयोगशाळा आहे. मी तिला तसं सांगितलंही. असं कौतुक मी सहसा करत नाही.

२६ फेब्रुवारी

तिला झोप लागत नाही. आडवी झाली की खोकते, म्हणून आता उशांची चळत लावून बसूनच झोपते. माझी झोप मोडते. मी हॉलमध्ये झोपायला लागलो.

४ मार्च

लेक आली होती. दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या तिचं सुरू. "आई, किती वाळलीस! बाबा, हिच्याकडे बघितलंत का तुम्ही?"

मी म्हणालो, रोजच बघतो. ती म्हणाली, "रोज बघणाऱ्यालाच दिसत नाही." मग गॅलरीत गेली आणि धाडधाड सगळ्या खिडक्या उघडल्या. ओट्यावरची धूळ उडून दोन शिक्के बुजले. मी आवाज चढवला. लेकीनेही चढवला. "एक वीट, बाबा! कुठल्या तरी भिंतीतली एक वीट!" मी सांगितलं की ती वीट नाही, तुझे आजोबा आहेत. ती म्हणाली, "आजोबा गेलेत. आई आहे."

बायको मध्ये पडली. "अगं, मलाच आवडतं ते काम. बसून वेळ जातो." लेक जाताना माझ्याशी बोलली नाही. पोरीचा स्वभाव माझ्यावर गेला आहे, दुर्दैवाने.

९ मार्च

आश्चर्य! आता मी उठायच्या आत ग्राइंडरचा आवाज सुरू झालेला असतो. बायकोला अखेर गोडी लागली म्हणायची. पूर्वी दुपारची झोप व्हायची, आता तीही नाही. मी म्हणालो, एवढी घाई कशाला, भिंत काही पळून जात नाही. "लवकर संपलेलं बरं," म्हणाली.

१७ मार्च

लेकीच्या हट्टामुळे कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. मी बाहेर होतो, कारण नेमका पाडकामवाल्याचा फोन आला: भिंतीचा खालचा भाग मोकळा होतो आहे, तिथल्या विटा सगळ्यात जुन्या. आत आलो तेव्हा डॉक्टर विचारत होते, "धुळीत काही काम करता? दगडाचं, पीठगिरणीचं?"

"छे. घरीच असते मी," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मीही मान डोलावली. खरंच आहे, घरीच असते. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, बरं वाटलं नाही तर मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. येताना जिन्यात ती दोनदा बसली. मी वर जाऊन कुलूप काढून ठेवलं.

२८ मार्च

खालच्या भागाच्या विटा आल्या. जुन्या खऱ्याच, काचेत बुडबुडे आहेत, काठ जाड. मला आतून वाटतं आहे की यातच आहे. बायकोला तसं म्हणालो तर तिने डोळे मिटून मान हलवली. जेवण अर्धं टाकून उठली. स्वयंपाक तिचाच, टाकणारी तीच. मी काय बोलणार?

६ एप्रिल

पानवाला, आळशी, आळशी, चंद्रवाला. एक नवीनच, माशाचा शिक्का. बायको नवं नाव ठेवेल म्हणून थांबलो, पण आज तिला बोलायचा कंटाळा होता. एकेका वाक्यात दोनदा थांबते. बायका वयानुसार कमी बोलतात म्हणे. आमच्याकडे उशिरा का होईना, सुरुवात झाली.

(हे वाक्य मी पुढे खोडलं नाही. राहू दे. असं लिहिणारा माणूस कोण होता ते दिसू दे.)

११ एप्रिल

ती गॅलरीत पडली. ग्राइंडर चालूच होतं, म्हणून मला वाटलं काम चाललं आहे. किती वेळ ते नुसतंच फिरत होतं कोण जाणे. ओठ निळे पडले होते. हातातली वीट मात्र मांडीत नीट ठेवलेली, फुटू नये म्हणून.

मोठ्या दवाखान्यात आहे. प्राणवायू लावला आहे. लेकीला कळवलं.

१३ एप्रिल

छातीच्या डॉक्टर आहेत, तरुण बाई. बायकोला एका यंत्राच्या नळीत फुंकायला सांगितलं. "जोरात, आजी, अजून जोरात." बायकोने डोळे घट्ट मिटून फुंकलं. कागदावर एवढीशी उंचवट्याची रेघ आली. तेव्हाही मला काय आठवावं? वडिलांची फुंकणी. त्या क्षणीसुद्धा.

मग डॉक्टरांनी मला आत बोलावून छातीचा फोटो दाखवला. काळ्या जागी सगळीकडे पांढरे ठिपके. "फुप्फुसं दगडासारखी घट्ट झालीत. हे खाणीत काम करणाऱ्यांना होतं. वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की. तुमच्याकडे घरी काय कापतात, घासतात?"

मी सांगायला लागलो. आणि सांगण्याची मला इतकी सवय की सगळं रीतसर सांगितलं: छिन्नी, ग्राइंडर, ब्रश, खिडक्या बंद, पाण्याचा थेंब नाही. नियम कुणाचा, तेही सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ओलं केलं असतं तर धूळ उडाली नसती."

शेवटी त्यांनी विचारलं, घरात पूर्वी कुणाला असा आजार होता का. मी म्हणालो, वडिलांना. काचकारखान्यात होते. वाळूच्या ढिगाशेजारी भट्टी होती.

"मग तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

माहीत नव्हतं. ते खोकून गेले एवढं माहीत होतं. कशाने, हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नाही. त्यांचा श्वास शोधत फिरलो आणि तो बंद कशाने पडला हे विचारावंसं वाटलं नाही.

१४ एप्रिल

लेक आली. डॉक्टरांशी बोलली आणि बाहेर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं ओरडेल. तिने फक्त माझ्या सदऱ्याच्या कॉलरवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालेलं बघितलं आणि स्वतःच्या कपड्याला पुसलं. त्यापेक्षा थोबाडीत मारलं असतं तर बरं झालं असतं.

२० एप्रिल

आज तिला जरा बोलता येत होतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"की त्रास होतो. दम लागतो."

"जिन्यात बसत होते की. तुमच्या पुढ्यात." मग श्वास गोळा करून म्हणाली, "मला वाटायचं, एकदा मामंजी सापडले की तुम्ही थांबाल. म्हणून घाई करत होते."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "उठा. लोक बघतात."

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं परत मऊ होत नाहीत. किती दिवस, ते सांगत नाहीत. मी विचारत नाही.

आता मात्र ती रोज एकच विचारते. "राहिलेल्या विटा बघितल्या का?"

२ मे

घरी गेलो. शेवटची पेटी गॅलरीत तशीच होती. लेकीने बजावलं होतं, ओल्या फडक्याशिवाय काही करायचं नाही. विटा बादलीत भिजत घातल्या आणि दवाखान्यात परत गेलो.

३ मे

हे लिहायचं जिवावर आलं आहे, तरी लिहितो.

रात्रभर भिजल्यावर चुना भिजलेल्या पावासारखा झाला होता. बोटाने निघाला. माझ्या आखडलेल्या खांद्याच्या हाताने, बसल्या जागी, लहान पोरालाही जमेल इतका सोपा. सगळ्या विटांचे शिक्के तासाभरात उघडे पडले. आतून दुधाळ झालेली वीट शोधली. एकच निघाली. सगळ्या पेटीत एक. त्या एकेका विटेला वाचवायला मी तिला एवढी वर्षं बंद खिडकीआड बसवली.

बादलीतल्या पाण्याकडे बघत बसलो. तळाशी गाळ बसला होता. हाच तिच्या छातीत आहे. मला रडू आलं, आणि रडून काही होत नाही हेही कळत होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. वरात केव्हाच पुढे गेली.

तीन ठिपके नाहीत. पान, फुली, फुली, मासा. संपलं. वडील त्या भिंतीत नव्हते. कदाचित कुठल्याच भिंतीत नाहीत. कदाचित त्यांच्या विटा केव्हाच फुटून रस्त्याच्या खडीत गेल्या.

५ मे

आज पुन्हा तेच. "बघितल्या का?" मी म्हणालो, थोड्या राहिल्यात. ती डोळे मिटून म्हणाली, "लवकर करा."

बाहेर येऊन मी ठरवलं.

६ मे

जिचा शिक्का नुसताच गोल आहे, त्यावर काही खूण नाही, अशी एक वीट निवडली. बारीक टोकाचं ड्रिल लावलं. वीट पाण्याच्या परातीत धरली. हो, पाण्यात. पहिला ठिपका बरा आला, दुसराही. तिसऱ्याला हात हलला आणि ड्रिल आरपार गेलं.

'सुस्स' झालं. पाण्यातून एकही बुडबुडा वर आला नाही. उलट पाणीच बारीक धारेने आत चढलं, आणि वीट परातीबाहेर काढली तरी ती हवा ओढत होती. मी भोकावर बोट ठेवलं तर बोटाची कातडी आत खेचली गेली.

म्हणजे ती म्हणत होती ते बरोबर. आत जातो. तापलेली असताना बंद केलेली वीट गार झाली की उपाशीच राहते. संधी मिळाली की ओढून घेते. न्हाणीघरात तिने सांगितलं होतं, आणि मी तिला समजावलं होतं.

ठिपके पुसून कोरडे केले, कडांवर तेलाचं बोट फिरवलं. दुसरी वीट घ्यावी असं मनात आलं, पण हातात बळ उरलं नव्हतं.

७ मे

वीट तिच्या हातात दिली. "सापडली," म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. लग्नापासून परवापर्यंत तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. बोलायची वेळच आली नव्हती, कारण ती काही विचारतच नव्हती.

तिने शिक्क्यावर अंगठा ठेवला. पहिल्या ठिपक्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. मग परत पहिल्यावर. तिने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि हसली.

"कडा काय धारदार राहिल्यात हो, एवढ्या वर्षांनी," म्हणाली. "सरळ आहेत. अगदी सरळ. म्हटलं नव्हतं मी?"

"म्हणाली होतीस."

"आता थांबाल ना?"

"थांबलो."

तिला काही कळलं नाही. औषधांनी बोटं बधिर झाली असावीत. माझ्या नशिबाने तेवढी एक गोष्ट साधली.

मग तिला तिसऱ्या ठिपक्यातलं भोक लागलं. "हे काय?"

"तडा होता आधीच. शिक्का उघडला."

"म्हणजे मामंजींचा श्वास गेला."

"हो."

"बरं झालं. किती वर्षं अडकले होते." तिने वीट तोंडाजवळ नेली. मला वाटलं वास घेते आहे. तिने प्राणवायूची नळी बाजूला केली, ओठ भोकाला लावले आणि लहान मुलासारखे गाल फुगवले. काय करतेस, म्हणेपर्यंत तिने फुंकलंही. लगेच खोकल्याची उबळ आली, नर्स धावत आली, माझ्यावर ओरडली, वीट काढून माझ्या हातात दिली. खोकला थांबल्यावर ती नळीच्या आड काही तरी म्हणाली. मी कान जवळ नेला.

"ही माझी," म्हणाली. आणि डोळ्यांनी हसली.

१० मे

सकाळी गेली. मी चहा आणायला खाली गेलो होतो. परत आलो तेव्हा यंत्र चालूच होतं, हवा सोडत होतं, घ्यायला कुणी नव्हतं.

२९ मे

इतके दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

१८ जून

लेक आली आहे. पाडकामवाल्याला बोलावून तिने सगळ्या विटा नेऊ दिल्या. तो खाली मान घालून पेट्या उचलत होता. 'काचकाका' म्हणाला नाही. मग दोन दिवस ती घर ओल्या फडक्याने पुसत होती. कपाटांच्या वर, दारांच्या मागे, पंख्याच्या पात्यांवर, तिच्या आईच्या चष्म्याच्या डबीत, सगळीकडे ती पांढरी धूळ. लेक पुसत होती आणि रडत होती, आणि मी बादलीतलं पाणी बदलून देत होतो. आमच्यात एवढंच बोलणं, "पाणी" आणि "हे घे."

आज गॅलरीत फक्त ती एक वीट राहिली. लेकीने ती उचलली, शिक्का बघितला. "हेच का आजोबा?"

"हो," म्हणालो.

तिने अंगठा फिरवला आणि चटकन मागे घेतला. टोचला असावा. माझ्याकडे तिच्या आईसारखं बघितलं. मग म्हणाली, "आई मला बोलली होती, शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, बाबांनी बसून केलेत ते ठिपके. आत पाण्याचे थेंब दिसले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी वीट पाण्यात धरली. मला कळलं हे त्यांना सांगू नकोस." मग वीट माझ्यापुढे धरून म्हणाली, "पण मला नाही जमत गप्प बसणं. मी आई नाही."

मी वीट तिच्या हातातून घेतली. आत पाण्याचे थेंब आहेत. सकाळी ऊन लागलं की ते वाफ होऊन वरच्या बाजूला धरतात, संध्याकाळी पुन्हा तळाशी येतात. ते परातीतलं पाणी आहे, हे मला नीट माहीत आहे. बायकोची फुंकर किती लहान होती हेही माहीत आहे. यंत्राच्या कागदावर मी बघितली आहे. ती आत पोचली की ओठांवरच विरली, कुणी सांगू शकणार नाही.

लेक स्वयंपाकघरात गेल्यावर मी मेणबत्ती पेटवली आणि भोकावर मेणाचा थेंब टाकला. तो मऊ होता तोवर अंगठा दाबला. बायकोने थांबायला सांगितलं होतं. मला थांबता येत नाही.

मेणाच्या धुराने असेल, खोकला आला. लेक धावत बाहेर आली. "बाबा, हे कधीपासून?"

"काही नाही गं," म्हणालो. "हवा बदलली आहे, त्यामुळे असेल."